सिनेमात वारलेल्या सासूबाई

कवळीवालीला सिनेमाचा राग नव्हता. राग यायचा तर समोरच्याला थोडी तरी किंमत द्यावी लागते, आणि ती द्यायची तिची तयारी नव्हती. घटस्फोटावरच्या सिनेमांना तर नाहीच नाही. असा एखादा टीव्हीवर लागला की हातातलं काम ठेवून ती मुद्दाम समोर बसायची.

"बघा," ती म्हणायची, "काल घटस्फोट झाला आणि आज हिला केवढी खिडकी मिळाली! आता खिडकीला टेकून कॉफी पिईल. मला का नाही दिली कुणी खिडकी?"

सिनेमातला नवरा वेगळा राहायला गेला की त्याच्या खोलीत गिटार असायची आणि फ्रीजमध्ये एकटं लिंबू. मूल असायचं ते शहाण्यासारखं दोन्हीकडे राहणारं, आईबापांपेक्षा अक्कल जास्त. शेवटी सगळे, नवे-जुने धरून, एका टेबलाशी बसून हसायचे. कशाला हसतात ते कधी कळायचं नाही, कारण तेवढ्यात संगीत वाढायचं.

"बोलायला काही नसलं की वाजवतात," असा तिचा निकाल होता.

कवळीवाली हे नाव तिला गल्लीने दिलं होतं. बाजारामागे, झेरॉक्सच्या दुकानावर, दातांची एक लॅब होती. डॉक्टर लोकांनी घेतलेली तोंडांची मापं तिथे यायची आणि तिथून कवळ्या बाहेर पडायच्या. ती लग्नाआधीपासून तिथे होती. प्लास्टरचे साचे ओतायचे, मेणात एकेक दात बसवायचा, गुलाबी हिरडी घासून गुळगुळीत करायची. केसांत कायम पांढरी पूड. नवीन माणूस भेटला की तिची नजर आधी त्याच्या तोंडात जायची आणि मग डोळ्यांत.

नवरा तिला त्या लॅबच्या जिन्यातच भेटला. सिनेमाच्या कुठल्यातरी कंपनीत तो मदतनिसाचा मदतनीस होता, आणि एका म्हाताऱ्याच्या प्रसंगासाठी त्याला एक जुनी कवळी उसनी हवी होती. तिने नाही म्हटलं. तेव्हा तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "तुम्ही लोकांना त्यांचं हसू परत देता."

असं तिला कुणी कधी म्हटलं नव्हतं. लॅबचा मालक तर "आटपा, आटपा" एवढंच म्हणायचा. ती भाळली. कवळी दिली, मागोमाग स्वतःलाही देऊन टाकलं. ते वाक्य त्याने जिना चढता चढता जुळवलं होतं आणि तिथे ती नसती तर मालकालाही ऐकवलं असतं, हे कळायला तिला पुढे बरीच वर्षं लागली.

त्याची आई त्याला 'कलावंत' म्हणायची, आणि लाडाने नव्हे. "आमचा कलावंत उठला का?" असं दुपारी बारा वाजता विचारायची.

घटस्फोटाचं कारण विचाराल तर सांगण्यासारखं काही नाही. बाई नव्हती, बाटली नव्हती. मुलगी पहिलीत गेली त्या वर्षी कलावंत एकदा जेवता जेवता म्हणाला, "मला माणूस म्हणून वाढायचंय."

"वाढ की," ती म्हणाली. "मी काय कात्री घेऊन बसलेय?"

त्याला हे बोलणं हलकं वाटलं. त्याचं असं होतं की घरात काहीही झालं की तो ते थोडं दूर उभा राहून बघायचा. मुलगी तापाने फणफणली होती तेव्हा हा खिडकीशी उभा राहून म्हणाला, "काय उजेड पडलाय बघ तिच्या चेहऱ्यावर." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? भांडण ऐन रंगात आलं की तो मधेच गप्प व्हायचा, आणि तिला कळायचं की हा आता आपलं वाक्य लक्षात ठेवतोय.

तो गेला त्या दिवशी टेम्पो आणला होता. पुस्तकं गेली, दोन खुर्च्या गेल्या, दिवा गेला. दारात उभा राहून तो म्हणाला, "कपाट आणि आई नंतर नेतो."

कपाट त्याने पुढच्या आठवड्यात नेलं.

आई राहिली ती राहिलीच. लोक कवळीवालीला विचारायचे, "म्हणजे माजी सासू?" मंत्री माजी होतो, सासू होत नाही, एवढं सांगून ती पुढे चालू लागायची. यात मोठं मन वगैरे काही नव्हतं. पहिले काही महिने तिने रोज ठरवलं की आज म्हातारीला लेकाकडे पोचवायचं. पण मुलगी शाळेतून यायची तेव्हा घरात कोणीतरी लागायचं, आणि सासूबाई असायच्या. तिकडे सासूबाईंनीही लेकाला दोनदा फोन करून बघितला. दोन्ही वेळा तो म्हणाला, "आई, जागा लहान आहे गं सध्या." मग त्यांनी फोन करणं सोडून दिलं.

सासूबाईंनी सगळी नोकरी टेलिफोनच्या ऑफिसात काढली होती. दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांची बोलणी जोडायची आणि मधे पडायचं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती सगळी वर्षं भरून काढली. कुणाच्याही बोलण्यात पडायच्या. आवाज असा की खालच्या मजल्यावरचा माणूस "हो, हो" म्हणायचा. शिवाय त्यांच्या तोंडातले दात सुनेने केलेले होते, आणि त्याच दातांनी त्या सुनेला बोलायच्या.

"मीठ कमी आहे."

"मग घ्या वरून."

"वरून घेतलेलं मीठ वरच राहतं."

"राहू दे. तुम्ही तरी कुठे खाली उतरताय?"

असा त्यांचा संसार. मुलीला घरात मुंगी म्हणायचे, कारण लहानपणी ती एका जागी बसत नसे आणि साखर संपवत असे. शाळेत पालकांना बोलावलं की या दोघी जायच्या. एकदा नव्या बाईंनी विचारलं, "आपण मुलीच्या कोण?" सासूबाई म्हणाल्या, "मी हिची सासू." बाई गोंधळल्या. "आणि वडील?"

"ते वाढतायत," कवळीवाली म्हणाली.

कलावंत अधूनमधून रविवारी उगवायचा. येताना मुंगीसाठी काहीतरी आणायचा, आणि ते नेहमी दोन वर्षं लहान पोरीचं असायचं. तासभर बसायचा, गोष्टी सांगायचा. गोष्टी मात्र फर्मास सांगायचा. मुंगी त्याच्या तोंडाकडे बघत बसायची आणि तो गेल्यावर दिवसभर त्याच्यासारखे हातवारे करत फिरायची. कवळीवाली ते बघायची आणि भांडी जरा जोरात घासायची.

अशी वर्षं गेली. मुंगी चौदाची झाली, आईपेक्षा वीतभर उंच. कलावंताने मधल्या काळात दुसरं लग्न केलं. बायको सिनेमावाल्यांचे कपडे सांभाळणारी, बोलायला कमी. हिला घरात 'नवी' म्हणायचे, लग्नाला तीन वर्षं होऊन गेली तरी.

आणि मग एके दिवशी कलावंताचा फोन आला. त्याने सिनेमा केला होता. स्वतःचा, पहिला. विषय अर्थातच घटस्फोट.

"आपल्यावरच आहे," तो म्हणाला. "म्हणजे आपल्यावर नाही. पण आपल्यातूनच आलाय. तुटल्यानंतरही कुटुंब कसं जगतं, कसं नवं रूप घेतं. तुम्ही तिघींनी यायलाच हवं."

"तुला काय माहीत कसं जगतं?" ती म्हणाली. "तू होतास कुठे?"

"दूर होतो म्हणूनच दिसलं," तो म्हणाला. हेही वाक्य चांगलं होतं. तिने फोन सासूबाईंकडे दिला.

सिनेमाचं नाव लांबलचक होतं, आणि पुढे तीन टिंबं. थिएटरच्या बाहेर फुलं, दिवे, एकमेकांच्या गालाला गाल लावणारी माणसं. सासूबाईंनी ठेवणीतले कपडे घातले होते आणि सकाळपासून कवळी दोनदा घासली होती. "माझं काम कुणी केलंय कोण जाणे," त्या वाटेत म्हणाल्या. "तशी उंच बाई घेतली असली म्हणजे झालं." जागा मिळाल्या त्या बऱ्याच मागे, आणि सासूबाईंच्या खुर्चीपुढे खांब. तिघी आळीपाळीने वाकून बघू लागल्या.

सिनेमातली बायको उंच टाचांचे बूट घालून काचेच्या इमारतीत काम करत होती. तिला हसता येत नव्हतं. घरी आली की ती पर्स टाकायची आणि दिवा न लावता बसायची. नवरा मात्र गरीब, केस विस्कटलेला, मनाने समुद्र. तो मुलाला उठवायचा, मुलाला गोष्टी सांगायचा, तव्यावरचं ऑम्लेट हवेत उडवून झेलायचा आणि मूल टाळ्या वाजवायचं. होय, मूल म्हणजे मुलगा होता. फुटबॉल खेळायचा.

"मी कुठाय?" मुंगीने हळूच विचारलं.

"तुझा मुलगा झालाय," कवळीवाली म्हणाली. "गप बस."

"आणि मी?" सासूबाईंनी खांबाच्या डावीकडून विचारलं.

सासूबाई लवकरच आल्या. रुपेरी केसांची एक गोड म्हातारी, शाल पांघरून आरामखुर्चीत. ती हळू बोलायची. ती दोन वाक्यं बोलली, मध्यंतराच्या थोडं आधी तिला दवाखान्यात नेलं, तिथे तिने मुलाचा आणि सुनेचा हात एकमेकांच्या हातात दिला, हसली, आणि मेली.

"हे काय?" सासूबाई म्हणाल्या. पुढच्या दोन रांगांनी वळून बघितलं.

"शूऽ, आजी."

"शू काय? मला मारलंन! अगं, मारलंन मला त्याने! आणि मरताना एवढे दात? बत्तीसच्या बत्तीस?"

पुढचा सगळा सिनेमा त्या म्हातारीच्या मरणावर उभा होता. तिच्या जाण्याने बायको विरघळली, रडायला शिकली, मग हसायला शिकली. नवऱ्याला एक नवी सोबतीण मिळाली, तिने जुनीला मिठी मारली, आणि शेवटी सगळे झाडाखालच्या लांब टेबलाशी बसले. ऑम्लेट उडालं, झेललं गेलं. सगळे हसले. संगीत वाढलं. थिएटरात लोक नाकं पुसत होते. कवळीवालीच्या शेजारी बसलेला एक जाडजूड गृहस्थ हुंदके देत होता, आणि ती त्याच्याकडे असं बघत होती की जणू त्याने तिच्या पायावर पाय दिलाय.

दिवे लागले. कलावंत स्टेजवर आला. कोट नवा होता. त्याने टाळ्या थांबायची वाट बघितली, मग आणखी थोडी बघितली, आणि भरल्या गळ्याने म्हणाला, "हा सिनेमा माझ्या आईला अर्पण. ती आज जिथे कुठे असेल, तिथून बघत असेल."

"बघतेय कुठली!" मागून आवाज आला. "खांब आलाय मधे!"

टेलिफोन ऑफिसचा आवाज तो. माइकची गरजच नव्हती. सगळं थिएटर वळलं. सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. क्षणभर कलावंताचा चेहरा कोरा पडला, आणि कवळीवालीला वाटलं की आज, एवढ्या वर्षांनी, हा माणूस सापडला. आता काय बोलेल?

पण तो कलावंत होता. त्याने दोन्ही हात पसरले, स्टेजवरून उडी मारली, मधल्या वाटेने धावत आला आणि सासूबाईंना मिठी मारली. लोक उठून उभे राहिले. टाळ्या, शिट्ट्या, कॅमेऱ्यांचा झगमगाट. सगळ्यांना वाटलं, आधीच ठरलेलं आहे. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो: पडद्यावर गेलेली आई, प्रत्यक्षात मुलाच्या मिठीत. सासूबाईंचं तोंड फोटोत उघडं होतं. त्या "सोड, दात पडतील" म्हणत होत्या, पण फोटोत आनंद वाटत होता.

"त्याला माहीत होतं तुम्ही आलाय," कवळीवाली घरी आल्यावर म्हणाली. "तिकिटं त्यानेच दिली होती."

"मग असं का बोलला?"

"वाक्य चांगलं होतं म्हणून."

सासूबाईंनी ठेवणीतले कपडे घडी करून ठेवले. मग म्हणाल्या, "लहानपणी पोपटासारखा बोलायचा. मीच सगळ्यांसमोर बोलायला लावायचे." आणि आत जाऊन झोपल्या. त्या दिवशी मिठाबद्दल तक्रार झाली नाही, आणि ते कवळीवालीला मुळीच आवडलं नाही.

सिनेमा चालला. चालायचाच. ज्यांचे घटस्फोट झाले होते ते तो बघून रडले, आणि ज्यांचे झाले नव्हते त्यांना करून घ्यावासा वाटला. लॅबचा मालकसुद्धा बघून आला आणि म्हणाला, "तुमच्यातला कडकपणा छान दाखवलाय हो." कवळीवालीने त्याच्या पुढच्या दातांकडे बघितलं. दोन्ही किडायला आले होते. तिने सांगितलं नाही.

पण घरातच घोटाळा झाला. मुंगीने तो सिनेमा पुन्हा बघितला. मैत्रिणींबरोबर एकदा, मग आणखी एकदा एकटीने. तिसऱ्या खेपेनंतर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "आई, बाबांनी मला मुलगा का केलं माहितेय? मुलगी दाखवली असती तर त्यांना शूटिंगच्या वेळी रडू आलं असतं."

"कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. फोनवर."

कवळीवाली बटाटा सोलत होती. सालीबरोबर अर्धा बटाटा गेला.

"आई, आपण एकदा तसं करूया ना. रविवारी. सगळे मिळून नाश्ता. बाबा, आजी, ती नवीसुद्धा. एकदाच."

"सिनेमात होतं ते."

"पण त्यांना सुचलं म्हणजे त्यांना हवं असेल ना?"

यावर तिच्यापाशी उत्तर तयार होतं. आठ वर्षं घासून, पॉलिश करून ठेवलेलं होतं. पण मुंगीचा चेहरा बघून ते तिने गिळलं. ज्या पोरीने कधी दुसरं काही मागितलं नव्हतं, ती एक सकाळ मागत होती. नेमक्या त्याच दिवसांत कलावंताचाही फोन आला. एका मासिकाला 'खरं कुटुंब' छापायचं होतं. रविवारी सगळे एकत्र बसले तर?

"बसू," ती म्हणाली. "फोटोवाला नको."

"छे छे, अजिबात नाही. हे आपलं आहे."

रविवारी तो आला. बरोबर नवी, आणि नवीच्या मागे खांद्याला बॅग लावलेला एक दाढीवाला. "हा माझा मित्र," कलावंत म्हणाला. "सहज आलाय."

सासूबाई दारातच होत्या. "सहज आलाय ना? ये की. तो कॅमेरा मात्र तिथे ठेव, चपलांजवळ. आणि तू माझ्याबरोबर आत चल. माझ्या खोलीतला दिवा लुकलुकतो. उंच आहेस, बघ जरा." दाढीवाला गेला तो गेलाच. बराच वेळ आतून स्टूल सरकल्याचे आणि सासूबाईंच्या सूचनांचे आवाज येत राहिले.

स्वयंपाकघरातलं टेबल तिघींपुरतं होतं. त्याला शिवणाच्या मशीनचं टेबल जोडलं होतं, ते बोटभर खाली. मुंगीने दोन्हींवर मिळून एक चादर घातली होती, आणि जिथे टेबलं जुळत होती तिथे कुणी कप ठेवू नये म्हणून फुलांचा पेला ठेवला होता. पहाटेच उठून तिने अंडी फोडून ठेवली होती. तवा गॅसवर.

"बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता. "ते उडवून दाखवा ना."

कलावंत हसायला लागला. "अगं, ते हात माझे नव्हते! त्या नटाचेही नव्हते. एका हॉटेलातल्या आचाऱ्याला धरून आणला होता. नुसते हात दाखवायचे म्हणून. त्याला मनगटापर्यंत गोरा रंग फासला, कारण नट गोरा! आणि तो बिचारा इतका घाबरला की पहिलं ऑम्लेट थेट दिव्यावर—" त्याने हात उडवून दाखवले, आचाऱ्याचा चेहरा करून दाखवला. गोष्ट रंगली. नवीही हसली, तिने नक्की दहा वेळा ऐकली असणार. मुंगी हसली, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

मग कवळीवालीनेच ऑम्लेटं केली, न उडवता, आणि वाढली. कलावंत मन लावून जेवला. त्याने टेबलाचं कौतुक केलं, चादरीचं केलं, खिडकीतून येणाऱ्या उजेडाचं केलं. मग ब्रेडला लोणी लावता लावता त्याने मुंगीकडे वळून, अगदी मायेने विचारलं, "मग? फुटबॉल काय म्हणतो तुझा?"

आत स्टूल सरकलं.

"मी फुटबॉल खेळत नाही, बाबा," मुंगी म्हणाली.

"अरे हो! ते... ते आपल्या सिनेमात."

आणि मुंगीने त्याच्याकडे बघितलं. कवळीवालीला ती नजर ओळखीची होती. साचा बिघडला, हवेचा बुडबुडा राहिला, की आरडाओरडा न करता तो बाजूला ठेवताना तिच्या स्वतःच्या डोळ्यांत जे येई, ते पोरीच्या डोळ्यांत आलं होतं. हिशेब संपल्यासारखं.

खरं तर तिला बरं वाटायला हवं होतं. इतकी वर्षं या माणसाला ती एकटी ओळखून होती. सासूबाई ओळखायच्या, पण शेवटी आई. आज घरात तिसरं डोळस माणूस तयार झालं होतं. पण तसं वाटलं नाही. चौदा वर्षांची पोर, हिच्या तोंडावर हे बघणं शोभत नाही, ते माझ्या तोंडावर ठीक आहे, असं काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं. आणि मग ती चक्क खोटं बोलली.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "मागे फोनवर मीच सांगितलं होतं, शाळेत फुटबॉल सुरू केलाय म्हणून. मग हिने सोडला. बॅडमिंटन खेळते आता."

कलावंताने ते आनंदाने उचललं. "बघ! मला आठवत होतंच काहीतरी."

मुंगीने आईकडे बघितलं. तिला फसवणं आता शक्य नव्हतं, हे दोघींनाही कळलं. "बॅडमिंटन," ती बापाला म्हणाली, सावकाश, पत्ता सांगावा तशी. "दोन वर्षं झाली."

निघायच्या वेळी नवी ताटल्या विसळायला थांबली. कवळीवाली पुसत होती. नवी खाली बघत म्हणाली, "सिनेमात मी तुम्हाला मिठी मारते. मी सांगितलं होतं त्याला, काढ म्हणून. आपण तर कधी धड बोललोही नाही."

"मग?"

"म्हणाला, तुम्ही दोघी आतून तशाच आहात."

कवळीवालीने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. दात बरे होते, पण घासून घासून झिजलेले, झोपेत दात खाणाऱ्या माणसाचे. "आतून काय आहे ते आपलं आपल्याला माहीत," ती म्हणाली. "तो पेला तिकडे ठेव." नवीने ठेवला. मिठी वगैरे कुणी मारली नाही.

मासिकात फोटो आलाच. दाढीवाल्याने जाता जाता जिन्यात काढला होता: कलावंत आणि नवी वळून वर बघतायत, दारात सासूबाई हात वर करून उभ्या. त्या "कॅमेरा खाली कर" म्हणत होत्या. छापलं होतं, 'आजही निरोप देताना आईचा हात उठतो.' सासूबाईंनी ते पान बटाट्याच्या टोपलीखाली अंथरलं.

पुढे कलावंताने दुसरा सिनेमा घेतला. आई आणि मुलगी असा विषय आहे म्हणे. त्यासाठी तो मधेच सासूबाईंना फोन करून विचारतो, "त्या दोघींचं कसं चाललंय गं? भांडतात का? कशावरून?" सासूबाई "हॅलो, हॅलो, ऐकू येत नाही" म्हणतात आणि फोन ठेवतात. त्यांना अगदी स्वच्छ ऐकू येतं.

मुंगी बापाला भेटते, अजूनही. रविवारी बाहेर कुठेतरी कॉफी प्यायला जातात. आता ती तिथे जाऊन ऐकत बसत नाही, मधेच विचारते, "हे खरंच झालं की आत्ता सुचलं?" आणि म्हणे तो खजील होतो, मग हसतो, आणि कधीकधी खरंही सांगतो. हे तिनेच आजीला सांगितलं. आईला नाही.

कवळीवालीचं मत बदललेलं नाही. माणूस पोकळ आहे, सिनेमा त्याहून पोकळ, आणि रडणारे सगळ्यांत. फक्त मुंगीसमोर ती हे हल्ली बोलत नाही. परवा पोरगी भेटून आली, बूट काढले, आणि आई काही विचारायच्या आत म्हणाली, "बोलले छान."

"खाल्लंस का काही?" कवळीवालीने विचारलं.

"नाही."

"मग बस."

आतून सासूबाई ओरडल्या की मीठ त्यांनी आज स्वतः घातलंय, कुणी वरून घेऊ नये.